मुलांच्या नाटकाची तालीम

गणेशोत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. आपल्या मंडळांच्या वर्षात मुलांचं नाटक कुठे ना कुठे असतंच. ते बसवायचं काम शाळेत मराठीच्या बाईंकडे येतं आणि मंडळात एखाद्या हौशी काकांकडे नाहीतर मावशींकडे. नाटक कोणतं घ्यावं, कपडे कुठून आणावेत, मेकअप कोण करतं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पाच-सहा आठवडे संध्याकाळी मुलांना समोर घेऊन नेमकं करायचं काय, ते फारसं कोणी सांगत नाही. हा लेख त्या तालमींपुरता आहे.

आपल्याकडे या तालमींना आणखी एक महत्त्व आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथल्या बऱ्याच मुलांचं मराठी घरापुरतं असतं. आजीला उत्तर द्यायचं, आईकडे काही मागायचं, इतकंच. मैत्री, भांडण, थट्टा, कट्टी-बट्टी सगळं हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीत चालतं. आपल्याच वयाच्या मुलाशी मराठीत भांडायची, त्याला मराठीत फसवायची, मराठीत मनवायची संधी अशा मुलाला वर्षातून एकदा, नाटकाच्या तालमीत मिळते. तिथेही त्याला फक्त वाक्यं घोकायला लावली तर ती संधी गेली. म्हणून पुढे सगळीकडे एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितली आहे: मुलाला वाक्याआधी त्या वाक्याचं कारण द्या.

मुलांसाठी नाटक आणि मुलांचं नाटक

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की तालमीत गोंधळ होतो. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, तिथपासून मराठी बालरंगभूमीला स्वतंत्र घर मिळालं. ती रंगभूमी मुलांनी बघायची होती आणि तिच्यात मोठ्या, कसलेल्या नटांना महत्त्वाचं स्थान होतं. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि अलीकडे वैभव मांगले यांनी. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे १९८०च्या दशकात पुण्यात आली. तिथे तर मुलांच्या भूमिकाच मोठी माणसं करतात.

आपलं नाटक वेगळं आहे. दहा वर्षांचा मुलगा राजा होणार, अकरा वर्षांची मुलगी आजी होणार. त्यांना व्यावसायिक नटाच्या मापाचे कपडे घालायला गेलं की ते ढगळच दिसणार. त्यात हल्ली नाटकांचे व्हिडिओ सहज मिळतात. नाटक ठरलं की पहिल्याच आठवड्यात मुलं ते शोधून काढतात आणि चेटकीण हुबेहूब मांगल्यांसारखी हसायला लागते. पालकांना त्याचं फार कौतुक वाटतं. ते कौतुक जरा आवरावं. नक्कल एकदा अंगात बसली की त्या मुलीला नवीन काही सुचत नाही, समोरच्या मुलानं वेगळं काही केलं तर उत्तर देता येत नाही. शक्य असेल तर ज्याचा व्हिडिओ सहज सापडत नाही असं नाटक निवडावं. पु. ल. देशपांडे यांचं ‘वयं मोठं खोटम्’, विजय तेंडुलकरांचं ‘चिमणा बांधतो बंगला’, सई परांजपे यांचं ‘पत्तेनगरीत’ अशी नावं जुन्या मंडळांच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेली असतात, तीही एकदा काढून बघावीत. (लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी आधी मागावी. प्रयोगाला तिकीट असो वा नसो, वाक्यं कापायची असतील तर विचारणं हा साधा शिष्टाचार आहे.)

पहिला आठवडा: संहिता कपाटात

पहिल्या दिवशी झेरॉक्स वाटण्याची घाई करू नये. आधी गोष्ट सांगावी, तीही अर्धवट. मग मुलांना विचारावं, पुढे काय झालं असेल? तू असतास तर काय केलं असतंस? दोघा-तिघांना उभं करून तोच प्रसंग त्यांच्या शब्दांत करायला लावावा. शब्द हिंदी येतील, इंग्रजी येतील. येऊ द्यावेत. या टप्प्यावर भाषा दुरुस्त करायला बसलं की मूल गप्प होतं, आणि एकदा गप्प झालेल्या मुलाला पुन्हा बोलतं करायला तीन तालमी जातात.

नाट्यखेळ म्हणतात तो हाच प्रकार. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन शिक्षिकेनं तो पद्धतशीर मांडला. शिकागोत निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करताना तिनं हे खेळ रचले. ती मुलंही आपल्या मुलांसारखीच, घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी. तिची एक युक्ती उचलण्यासारखी आहे: खेळ न थांबवता बाजूनं छोटी सूचना द्यायची. ‘तो ऐकतोय का बघ.’ ‘दार अजून बंद आहे.’ मूल थांबत नाही, मान वळवत नाही, सूचना अंगावर घेऊन पुढे जातं.

भूमिका या आठवड्याच्या शेवटी वाटाव्यात, आधी नव्हे. पहिल्या दिवशी धीट दिसणारा मुलगा पुष्कळदा फक्त मोठ्यानं बोलणारा निघतो. दुसऱ्याचं ऐकून उत्तर देणारी मुलगी कोपऱ्यात बसलेली असते, ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते.

करून दाखवू नका

आपल्या हौशी दिग्दर्शकांची सगळ्यात घट्ट सवय म्हणजे करून दाखवणं. ‘असं बोल’ म्हणून काका स्वतः वाक्य म्हणतात, मुलगा त्यांची चाल उचलतो आणि प्रयोगात सातही मुलं काकांच्या आवाजात बोलतात. काकांना वाटतं, छान बसलं.

एक प्रसंग घेऊ. समजा, चिनूनं मांजराचं पिल्लू दप्तरात लपवून घरी आणलंय. आजी विचारते, ‘दप्तरातून आवाज कसला येतोय रे?’ चिनू म्हणतो, ‘कुठे काय! माझं पोट गुरगुरतंय.’ दिग्दर्शक सांगतो, ‘घाबरून म्हण.’ मुलगा खांदे वर घेतो, डोळे मोठे करतो, आवाज थरथरवतो. घाबरणं म्हणजे काय, हे त्यानं टीव्हीवर पाहिलंय, तेच तो देतो. आणि खरं तर चिनूला घाबरलेलं दिसायचंच नाहीये! त्याला घाबरणं लपवायचं आहे.

आता भावनेचं नाव न घेता काम द्या. ‘आजीनं दप्तराकडे बघता कामा नये. काय करशील?’ मुलगा विचार करतो. दप्तरावर बसतो. नको, पिल्लू चिरडेल. आजीच्या आणि दप्तराच्या मध्ये उभा राहतो. पोट दोन्ही हातांनी धरतो. ‘आजी, खूप भूक लागलीय’ असं मध्येच घुसडतो. यातलं एखादं त्याचं त्यालाच आवडतं आणि ते पुढच्या तालमीला आपोआप येतं, कारण ते त्यानं शोधलेलं असतं. आजी झालेल्या मुलीला बाजूला नेऊन कानात सांगा, ‘तुला पिल्लाची शेपटी दिसलीय, पण चिनूला कळू द्यायचं नाही.’ पुढच्या वेळी तोच प्रसंग कसा होतो ते बघा. पुस्तकातला एकही शब्द बदललेला नसतो.

‘रागावून बोल’ऐवजी ‘त्याला खोलीबाहेर काढ’. ‘दुःखी हो’ऐवजी ‘रडू येतंय ते ताईला दिसू देऊ नकोस’. ‘आनंदात ये’ऐवजी ‘ही बातमी सगळ्यांत आधी तुलाच सांगायचीय’. अशी क्रियापदं शोधणं हाच दिग्दर्शकाचा गृहपाठ. तालमीला येण्याआधी त्या दिवसाच्या प्रसंगापुरती चार-पाच लिहून आणली तरी पुरे.

करून दाखवायचं नाही याला अपवाद आहेत. नऊवारीत कसं बसायचं, पाटावर वाढायचं कसं, जात्यावर दळताना हात कसा फिरतो, हे आजच्या मुलानं पाहिलेलंच नसतं. ते दाखवावंच लागतं. त्यासाठी मंडळातल्या एखाद्या आजींना तालमीला बोलवावं. त्या येतात आणि जाताना दोन जुने शब्दही देऊन जातात.

उच्चार: काय सुधारायचं, काय सोडायचं

इथे प्रत्येक गावाचा प्रश्न निराळा आहे आणि महाराष्ट्रातल्या पुस्तकांतून त्याचं उत्तर मिळत नाही.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना देवनागरी वाचता येते, पण ती हिंदीच्या नियमांनी. शाळेतल्या हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘बाळ’चा ‘बाल’ होतो आणि ‘काळ’चा ‘काल’. बोलण्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. हिंदीत दोनच लिंगं, म्हणून ‘माझं घर’ऐवजी ‘माझा घर’. बडोद्याच्या मुलांना या तिन्हींचा त्रास कमी होतो, कारण गुजरातीत ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे आणि नपुंसकलिंगही आहे. त्यांची अडचण ‘च’ आणि ‘ज’ची. मराठीत ‘चहा’चा च वेगळा आणि ‘चमचा’चा वेगळा. ‘चार मुलं’ आणि ‘गाईला चारा घाल’ लिहिताना च एकच, बोलताना दोन. प्रमाण हिंदीत आणि गुजरातीत एकच च असल्यामुळे ‘चोर’ हमखास हिंदी उच्चारात येतो. तेलुगूत मात्र दोन्ही च ऐकू येतात, त्यामुळे हैदराबादच्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांचा कान आधीच तयार असतो. गोव्यातल्या मुलांना कोकणीमुळे ‘ळ’, ‘ण’ आणि दोन्ही च आयतेच मिळालेले असतात.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक मात्र नाटकात सर्वांत मोलाचा, कारण तो उच्चाराचा नाही, नात्याचा आहे. ‘आपण जाऊ’ म्हणजे तूही चल. ‘आम्ही जातो’ म्हणजे तू नाहीस. एका शब्दात कोण कुणाच्या बाजूला आहे ते ठरतं. पुस्तकी हिंदीत दोन्हींना ‘हम’, इंग्रजीतही एकच शब्द, म्हणून मुलं बेधडक अदलाबदल करतात आणि प्रसंगातलं भांडणच पुसलं जातं. समजावून सांगायला गावातलीच भाषा वापरावी. माळव्यातल्या बोलत्या हिंदीत ‘अपन’ आहेच, ‘अपन चलते हैं’ हे इंदूरचं मूल दिवसभर म्हणतं. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेत, तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’. मुलाला फरक ठाऊक असतो, मराठीत तो कुठे बसतो एवढंच दाखवायचं.

बेळगावची गोष्ट आणखी वेगळी. तिथली मुलं मराठी भरपूर आणि बिनधास्त बोलतात, फक्त ती पुस्तकातली मराठी नसते. ‘काय करायलास?’ म्हणणाऱ्या मुलाला ‘काय करतो आहेस?’ म्हणायला लावायचं का? माझं उत्तर असं: पात्र पुण्याच्या वाड्यातलं असेल तर हो. पात्र कुठलंही असू शकत असेल तर त्याला बेळगावचंच असू द्यावं. परीक्षक काय म्हणतील या भीतीनं सगळ्यांना एकाच साच्यात घालणं हे मला पटत नाही. घरातली मराठी चुकीची आहे असं मुलाला स्टेजवर उभं करून शिकवायचं, आणि मग मराठी बोलत नाही म्हणून हळहळायचं, हे चमत्कारिक आहे.

म्हणून एक गाळणी लावावी. अर्थ बदलतो त्या चुका सुधाराव्यात, बाकीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतात. ज्या उच्चाराला सभागृहात हशा पिकेल आणि मूल ओशाळेल, तो मात्र आधीच हळूच काढून टाकावा. प्रसंग चालू असताना मध्ये थांबवून दुरुस्ती करू नये. वहीत टिपून ठेवावं आणि तालमीच्या सुरुवातीला सगळ्यांचा मिळून खेळ घ्यावा. ‘ळ’साठी काळं, पिवळं, जांभळं, सावळं अशी माळ गुंफायची, एकानं एक शब्द द्यायचा, अडकेल त्यानं मांजराचा आवाज काढायचा. कोण चुकलं याच्याकडे कुणाचं लक्षच राहत नाही. एकट्या मुलाला उभं करून ‘ळ म्हण, ळ म्हण’ हे कधीही नाही.

देवनागरी वाचता येत नाही अशी मुलं आता प्रत्येक मंडळात आहेत. त्यांना वाक्यं रोमन लिपीत लिहून द्यायचा मोह होतो. पण त्या लिपीत ल-ळ, न-ण, त-ट हे सगळे एकाच अक्षरात जातात आणि चूक पक्की होते. गुजराती लिपी येणाऱ्याला गुजरातीत लिहून द्यावं, कन्नड येणाऱ्याला कन्नडमध्ये. या दोन्ही लिप्यांत आपले हे उच्चार नीट उतरतात. कुठलीच येत नसेल तर ध्वनिमुद्रण द्यावं, पण ते सपाट वाचलेलं असावं. अभिनय करून रेकॉर्ड केलं तर पुन्हा काकांची चाल सात मुलांत पसरणार.

पाठांतर आणि विसरणं

प्रसंग दोन-तीनदा उभ्यानं झाला की निम्मी वाक्यं आपोआप पाठ झालेली असतात. उरलेल्यांसाठी घरी जोडीनं पाठांतर द्यावं, एकट्यानं नाही. आई-बाबांपैकी कुणीतरी समोरच्याचं वाक्य म्हणायचं. आजी-आजोबा असतील तर उत्तमच.

विंगेतून वाक्य सांगण्याची प्रथा मुलांच्या नाटकात शक्य तितकी टाळावी. प्रॉम्प्टर आहे हे कळलं की मूल अडखळताच मान वळवतं आणि प्रेक्षकांना त्याचा कान दिसतो. शेवटच्या दोन आठवड्यांत प्रॉम्प्टिंग बंद करून सावरण्याचा सराव घ्यावा. दिग्दर्शकानं मुद्दाम एका मुलाला गुपचूप सांगायचं, ‘आज हे वाक्य विसर.’ बाकीच्यांनी प्रसंग पुढे न्यायचा. ज्याला आपलं पात्र काय मागतंय हे ठाऊक आहे तो स्वतःच्या शब्दांत पुढे जातो. मुलांना हा खेळ फार आवडतो, काही जण तर रोज विसरायला तयार असतात.

हालचाली, आवाज, माईक

हालचाली बसवताना जमिनीवर खडूनं रंगमंचाची खरी मापं आखावीत. मंडळाच्या मोठ्या दालनात तालीम करून गणपतीच्या मांडवातल्या चिमुकल्या स्टेजवर गेलं की मुलं एकमेकांवर आदळतात. दार कुठे, खिडकी कुठे, हे खुर्च्या ठेवून पक्कं करावं. बारीक हालचाली ठरवत बसू नये. कुठून यायचं, कुणाजवळ जायचं आणि कुठून बाहेर पडायचं, एवढ्या तीन गोष्टी ठाम असल्या की बाकी मूल सांभाळतं.

‘मोठ्यानं बोल’ या सूचनेनं मूल घशातून ओरडतं आणि सगळी वाक्यं एका सुरात जातात. त्याऐवजी शेवटच्या रांगेत कुणाला तरी बसवावं आणि ‘हे त्या आजोबांना ऐकू जाऊ दे’ म्हणावं. मांडवात माईक असतातच. ते उभ्या दांडीचे असतील तर मुलं त्यांच्याभोवती गोळा होतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून त्या जागी काठ्या रोवून तालीम करावी.

झाड झालेलं मूल

वीस मुलांची नावं आलेली असतात आणि नाटकात सात पात्रं. उरलेल्या तेरांना झाडं, सैनिक, गावकरी करून उभं करायचं, ही आपली जुनी पद्धत. उभं राहायला हरकत नाही, पण प्रत्येकाला नाव आणि काम हवं. हा गावकरी लोहार, त्याला राजाकडून पैसे यायचेत. ही गावकरी राजाच्या बाजूची, दवंडीवर तिचा विश्वास बसतो. मग गर्दी एकसुरात ‘हो हो’ करत नाही, आपापसात कुजबुजते. त्या कुजबुजीतच अनेक लाजाळू मुलं तालमीतलं पहिलं मराठी वाक्य बोलतात. पुढच्या वर्षीच्या मुख्य भूमिका बऱ्याचदा याच गर्दीतून मिळतात.

‘आमच्या बाळाला दोनच वाक्यं का?’ हा प्रश्न येणारच. पालकांची एक बैठक पहिल्याच आठवड्यात घ्यावी, वेळा आणि परीक्षांच्या तारखा तिथेच जुळवाव्यात आणि स्पष्ट सांगावं की तालमीत बसायचं असेल तर सूचना द्यायच्या नाहीत. एका मुलाला दोन दिग्दर्शक झाले तर ते मूल दोघांकडे आळीपाळीनं बघत राहतं. मदतीला मात्र पालक हवेतच. मुलं असतील तिथे दोन मोठी माणसं कायम असावीत, कपडे बदलण्याच्या खोलीचा बंदोबस्त मुलामुलींसाठी वेगळा असावा, आणि शेवटचं मूल घरी गेल्याशिवाय दिग्दर्शकानं कुलूप लावू नये.

शेवटचा आठवडा

पस्तीस मिनिटांच्या नाटकाला साधारण सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सव्वा ते दीड तास पुरतात. पहिली-दुसरीतल्या मुलांना पाऊण तासापेक्षा जास्त अडकवू नये. शेवटच्या आठवड्यात नवीन काही घालायचं नाही. रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी घ्यावी, म्हणजे सैल झालेली पगडी आणि लांब झालेलं धोतर दुरुस्त करायला वेळ राहतो. दाढी-मिशा मुलांना त्याआधीच एकदा लावून बघू द्याव्यात, नाहीतर प्रयोगात राजाला खाज सुटते.

रंगीत तालमीला चार-पाच अनोळखी मुलं प्रेक्षक म्हणून बोलवावीत. ती कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, ते नट मुलांना कळू द्यावं. हशा आला की थांबायचं आणि तो ओसरला की बोलायचं, हे सांगून येत नाही, ऐकूनच येतं.

प्रयोगाच्या दिवशी दिग्दर्शकानं विंगेत उभं राहू नये. पडद्यामागचं काम एखाद्या दादा-ताईकडे सोपवावं आणि स्वतः प्रेक्षकांत, मागच्या रांगेत जाऊन बसावं. मुलांना हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे ती विंगेकडे बघणार नाहीत.